वीणास, यतिनविषयी

केलीव्हिल, सिडनी
नोव्हेंबरअखेर

प्रिय विनू,

ताईचं एवढं लांबलचक पत्र बघून तू घाबरशील, म्हणून आधीच सांगते, इथं सगळे धडधाकट आहेत. विक्रांत आणि सूनबाई अस्मिता कामाला जातात, नातू वेदच्या शाळेला सुट्टी लागायला आलीय, माझे गुडघे कुरकुरतात पण चालवतात. फोन का केला नाहीस म्हणशील. एक तर तू हल्ली माझाही फोन उचलत नाहीस. उचललास तरी आपण दोघी 'जेवलीस का, झोप लागते का' एवढ्यावरच घुटमळत राहतो. शिवाय यातलं बरंचसं या घरात मोठ्यानं बोलण्याजोगं नाही. कागदावर बरं असतं, 'चल, ठेवते' म्हणून तुला मध्येच निसटता येत नाही. लायब्ररीतली मुलगी या पानांचे फोटो काढून तुला मेल करून देणार आहे. तिला मराठीचं अक्षर कळत नाही, तेव्हा निर्धास्त वाच.

खर्चाचं बिल अडलं आणि तुमच्याकडचं, अमेरिकेतलं सरकार बंद पडलं त्या दिवसापासून मी इथं बसून तुमच्या सिनेटचा अभ्यास करत होते. हसू नकोस. आठवीनंतर माझी शाळा सुटली. पुढचं जे काही डोक्यात आलं ते किराणाच्या पुड्यांचे कागद वाचून आणि तुझी कॉलेजची पुस्तकं तुझ्या नकळत चाळून. इथं आल्यावर कॅसल हिलच्या लायब्ररीत डिक्शनरी शेजारी ठेवून पेपर वाचायची सवय लागली, ती सुटली नाही. त्यामुळे मला नीट कळलं होतं. खर्चाचं बिल पुढे सरकायला साठ मतं लागतात, तेवढी सरकारी पक्षाकडे नाहीत, म्हणजे विरोधकांच्या शब्दाला वजन आहे. आणि त्यांनी मागितलं तरी काय? तुझ्यासारखी जी माणसं स्वतःचा इन्शुरन्स स्वतः घेतात, त्यांना हप्त्यात मिळणारी सरकारी मदत वर्षअखेरीला बंद करू नका. एवढंच. मला तर वाटायचं, ही सगळी सुटाबुटातली मंडळी माझ्या विनूसाठीच दार अडवून बसली आहेत. घरी पाळणाघर चालवणाऱ्या, गेल्या वर्षी छातीतली गाठ काढलेल्या, नवरा नसलेल्या एका बाईसाठी. रोज सकाळी मी देवापुढे दिवा लावताना त्यांच्यासाठीही हात जोडायचे. नावं पाठ नव्हती, म्हणून नुसतं 'त्या सगळ्यांना धीर दे' म्हणायचे.

आमच्या इथल्या बागेत आम्हा म्हाताऱ्यांचा कंपू आहे, तुला माहीत आहेच. प्रत्येकाचं कुणी ना कुणी अमेरिकेत, त्यामुळे चालणं कमी आणि वॉशिंग्टन जास्त. पद्माकरराव बँकेतून रिटायर झालेले, त्यांना वाटतं जगाची कॅश अजून त्यांच्याच खिडकीतून जाते. ते रोज म्हणायचे, "लेखाताई, लिहून ठेवा, हे विरोधक ढेपाळणार." मी म्हणायचे, "ढेपाळतील तुमचे गुडघे. आमच्या यतिनचे साहेब आहेत तिथं." किती मिरवलं मी गं! भाचा सिनेटरच्या ऑफिसात, त्यांच्या तुमच्या राज्यातल्या ऑफिसात लोकांचे फोन घेतो, अडचणी लिहून घेतो, सोडवतो. तू त्याच साहेबांच्या प्रचाराची पाटी अंगणात लावली होतीस, तो फोटो मी सगळ्यांना दाखवला होता. पद्माकरराव म्हणाले, "आपल्याकडे इथं बरं आहे, सरकार बंद पडत नाही, फक्त पंतप्रधान बदलतात." सगळे हसले, मीही हसले. तेव्हा हसता येत होतं.

मग तो सोमवार आला. तुमच्याकडे रविवारची रात्र, इथं दुपार. मी कुकर लावून टीव्हीसमोर बसले होते. इथल्या चॅनेलवर त्या आठवड्यात दुसरंच चाललं होतं. पन्नास वर्षांपूर्वी इथल्या सिनेटनंही असेच पैसे अडवले होते, आणि गव्हर्नर-जनरलनं सरकारच बरखास्त करून टाकलं होतं, त्याची आठवण. जुनी काळीपांढरी चित्रं, पायऱ्यांवर उभी माणसं. त्यातच मध्ये तुमची बातमी आली. एकेकाचं नाव पुकारत होते. विरोधकांतले मोजके जण पलीकडे जाऊन मिळाले. बदल्यात काय मिळालं, तर डिसेंबरात त्या मदतीवर मतदान घेऊ एवढा शब्द. मदत नव्हे, मतदान! आणि त्या पलीकडे गेलेल्यांत यतिनचे साहेब. विनू, मी टीव्ही बंद केला नाही, नुसती बघत राहिले. खालचा भात लागला, त्याचा वास सगळ्या घरात पसरला, अस्मितानं शिफ्टवरून आल्यावर खिडक्या उघडल्या. एवढे दिवस लोकांना बिनपगारी राबवलं, एवढ्यांचे हाल झाले, आणि पदरात काय पडलं? सोडायचंच होतं तर धरलं कशाला? दुसऱ्या दिवशी मी बागेत गेले नाही. पद्माकरराव घरी आले, अळूवड्या घेऊन. 'मी म्हटलं नव्हतं का' असं एका शब्दानंही म्हणाले नाहीत. ते टोमणा मारतील म्हणून मी तोंडात उत्तर घोळवून ठेवलं होतं. त्यांनी मारला नाही त्याचंच जास्त लागलं.

त्याच दिवशी तू यतिनला फोन केलास. काय म्हणालीस तेही मला ठाऊक आहे. "तुझ्या साहेबांनी तुझ्या आईचा जीव विकला, आणि तू तिथं बसून फोन घेत होतास." पुढचं ऐकून न घेता ठेवलास. त्यानंतर त्याचा एकही फोन उचलला नाहीस. मी तुला दोष देत नाही गं. मी तुझ्या जागी असते तर याहून वाईट बोलले असते, तोंडाला आवर नसलेली मीच. पण तो शब्द त्याच्या जिव्हारी लागलाय, हे तुला कळायला हवं.

तुला आठवतं, तू अमेरिकेला गेलीस तेव्हा तो जेमतेम चार वर्षांचा होता. तुमचं बस्तान बसेपर्यंत माझ्याकडे राहिला, आमच्या चिंचवडच्या कंपनीच्या क्वार्टरमध्ये. पुढे दर सुट्टीला यायचाच. दुपारी खाली चटई टाकून पत्ते चालायचे. एकदा पाच-तीन-दोन खेळत होतो, विक्रांत हरायला आलेला, रडवेला झालेला. यतिनच्या हातात हुकमाचा राजा होता, मला शेजारून दिसत होता. त्यानं तो हातातच ठेवला आणि भलतंच पान टाकलं. विक्रांत जिंकला, उड्या मारत गेला. तू त्या वेळी आली होतीस सुट्टीवर. तू त्याचा हात धरून त्याला केवढं बोललीस! "हातात असताना सोडतोस? असं कसं जगशील तू?" तो पानं गोळा करून पिसत बसला. मला तेव्हा तुझं पटलं होतं. मुलगा फार मऊ आहे, जगात ह्याला लोक खाऊन टाकतील, असं मीही रात्री ह्यांना म्हटलं होतं.

आता तुझ्याबद्दल बोलते, रागावू नकोस. तुझ्या शेजारच्या तेजश्रीशी माझं बोलणं होतं, तिची धाकटी तुझ्याकडे असते ना दिवसभर. ती बिचारी चुगली म्हणून सांगत नाही, घाबरून सांगते. जानेवारीतलं स्कॅन तू रद्द केलंस. नवा हप्ता झेपणार नाही म्हणून इन्शुरन्स सोडायचं ठरवलंस. आणि गोळ्या पुरवायच्या म्हणून दिवसाआड घेतेस. विनू, ही काय पोरांच्या खाऊची बरणी आहे का, पुरवून पुरवून खायला? तुझ्या ऑपरेशनच्या वेळी मी तिथं होते. शुद्धीवर आल्यावर पहिला प्रश्न तू काय विचारलास, तर पाळणाघरातल्या मुलांना आणायला कोण गेलं. दुसऱ्यांची लेकरं सांभाळायला तुझ्यात जीव आहे, स्वतःपुरता नाही? तिकडच्या त्या सिनेटवाल्यांनी हात टेकले, त्यांचं मी काही करू शकत नाही. पण तू टेकतेस ते मला बघवत नाही. विक्रांत म्हणतो, औषधांचं आम्ही सगळे मिळून बघू, त्यात लाजण्यासारखं काय आहे. त्याला तू नाही म्हणशील हे मला माहीत आहे. म्हणून तुला विचारत नाही, सांगते आहे.

तुला वाटेल, ताईला सिडनीत बसून एवढं सगळं कुठून कळतं, तुझ्या फोनमधला शब्द न् शब्द कसा कळला. ऐक तर. यतिन इथं आहे. माझ्या मागच्या खोलीत. मागच्या आठवड्यात न कळवता आला, बॅग दारात ठेवून वाकून नमस्कार केला आणि म्हणाला, "मावशी, थोडे दिवस राहू?" नोकरी सोडलीय त्यानं. दिवसभर गवत कापतो, वेदला क्रिकेटला नेतो, ताटातलं निम्मं ठेवतो. मी वेदला विचारलं, काही बोलतो का रे दादा, तर म्हणाला, "नथिंग, आजी. ही इज जस्ट सॅड." परवा भाजी निवडताना माझ्याशी बोलला. मतदानाच्या आधी साहेबांनी ऑफिसातल्या सगळ्यांना विचारलं होतं, काय करू. बाकीचे म्हणाले, धरून ठेवा. हा एकटा म्हणाला, सोडा. कारण महिनाभर फोन तो घेत होता. सरकार बंद म्हणून गरिबांच्या किराण्याच्या सरकारी कार्डावर पैसे येणं थांबलं होतं. एक बाई रोज फोन करायची, नातवाच्या दुधाच्या पावडरीत ती पाणी वाढवत होती. रागवायची नाही, उलट त्यालाच विचारायची, तू जेवलास का बाळा. तो म्हणतो, "मावशी, तिचा आवाज आईसारखा होता. आईचं काय होणार ते मला माहीत होतं, तरी मी सोडा म्हणालो." एवढा मोठा माणूस पोराच्या सांगण्यावरून मत देत नसतो, हे मी त्याला दहा तऱ्हांनी सांगितलं. त्याला पटत नाही. त्याला वाटतं, त्यानंच आईचा जीव विकला. हे आईला कधीच सांगू नकोस, असं त्यानं माझ्याकडून कबूल करून घेतलं, आणि मी ते मोडते आहे. त्यानं बरोबर केलं असं मी म्हणणार नाही, मला अजूनही वाटतं त्यांनी आणखी धरायला हवं होतं. तू त्याला माफ कर असंही सांगत नाही. रागाव, वाट्टेल ते बोल, पण त्याच्याशी बोल. गेल्या आठवड्यापासून इथं उकडायला लागलंय, त्याच्या खोलीतला पंखा दिवसभर घरघरत असतो. माझा फोन वाजला की तो पंखा बंद होतो, तुझा आहे का ते ऐकायला. काल फोन वाजला, पंखा थांबला, मी 'हॅलो पद्माकरराव' म्हटलं. पुष्कळ वेळानं पंखा पुन्हा सुरू झाला.

तुझीच, तुझ्या फोनची वाट बघणारी,
लेखाताई