मेलिसच्या वतीनं शपथ

कोकदोबे, ८ सप्टेंबर १९९८

चि. बेगिमायस अनेक आशीर्वाद.

तू बिश्केकला सुखरूप पोचल्याचं पत्र मिळालं. तोलोन ड्रायव्हरच्या हाती आपानं वाळवलेल्या दह्याचं कुरुत पाठवलं आहे. मागच्या वेळी ते सगळं वसतिगृहात वाटून टाकलंस, याचा राग तिच्या मनात अजून आहे. पदवी मिळाली तरी पोरीचं काय शिकायचं राहिलंय, असं शेजारणी विचारतात, तर आई म्हणून त्यांना काय सांगू, असं म्हणते. मी म्हटलं, सांग की आम्हालाही कळलेलं नाही.

इथे एक अडचण उभी आहे. चोवीस ऑगस्टला जुमाबेकची करडी घोडी वरच्या कुरणातून नाहीशी झाली, दुपारी घोड्यांचं दूध काढायच्या दोन वेळांच्या मधे. त्यानं आळ घेतलाय माझ्या चुलतभावावर, मेलिसवर. आठवडाभर आधी मेलिसनं पिऊन त्याला सुनावलं होतं की तुझी घोडी वाऱ्यावर सोडीन. ते सगळ्या कुरणानं ऐकलं होतं.

आता प्रकरण गावच्या म्हाताऱ्यांच्या सभेपुढे गेलं आहे. आपली रीत तुला ठाऊकच आहे. ज्याच्यावर आळ, त्याच्या तोंडची शपथ धरत नाहीत. फिर्यादीनं त्याच्या भावकीतला एक माणूस निवडायचा आणि त्या माणसानं हातात नान धरून शपथ घ्यायची. जुमाबेकनं मला निवडलं. म्हणाला, हा खोगीरवाला मेला तरी खोटं बोलायचा नाही. मी शपथ घेतली तर मेलिस सुटला. नाही घेतली तर तो चोर, आणि जन्मभर चोर. पंचवीस तारखेचा शुक्रवार ठरलाय.

माझं पोट सांगतं की त्यानं घोडी नेलेली नाही. पण पोटाच्या भरवशावर नान हातात धरावी का? तत्त्वज्ञानात तू हेच शिकतेस ना? कळव.

तुझा,
आके

बिश्केक, १२ सप्टेंबर

ती. आके यांस बेगिमायचा सलाम. वि. वि.

कुरुत पोचलं. यंदा निम्मंच वाटलं, असं आपाला सांगा.

तुमचं पत्र चार वेळा वाचलं. रागावू नका, पण तुमच्या पोटानं मी पहिल्याच वर्षी नापास होऊन परत येईन असंही सांगितलं होतं. मेलिसकाका तुमच्या अंगाखांद्यावर वाढले. पोट बोलतंय की माया बोलतेय, हे तुम्ही कसं ठरवणार? तुम्हाला ते निर्दोष वाटतात, हे खरं आहे. पण शपथेचे शब्द ‘मला वाटतं’ असे नाहीत, ‘मला माहीत आहे’ असे आहेत. आके, जे माहीत नाही ते माहीत आहे म्हणू नका. त्या दिवशी तुम्ही कुठे होतात, काही पाहिलंत का, ते नीट आठवा. एखादं कारण सापडलं तर वाटण्याचं माहीत असणं होऊ शकतं.

आपाला सलाम. माझ्यावर आहे तो लोभ या पत्रामुळे कमी होऊ देऊ नये.

आपली,
बेगिमाय

कोकदोबे, १६ सप्टेंबर

चि. बेगिमायस आशीर्वाद.

तुझं पत्र आपाला वाचून दाखवलं. बापाला चांगलं दटावलंस म्हणून ती खूश आहे.

तू म्हणालीस तसं आठवत बसलो, आणि सापडलं. चोवीस तारखेला दुपारी मी पिठाच्या गिरणीवरून येत होतो. गिरणीच्या ओट्यावर मेलिस पाठमोरा बसलेला पाहिला. त्याच्या चामडी कोटाच्या पाठीला ठिगळ आहे, ते मीच लावलं. खोगिराच्या दोऱ्यानं घातलेला माझा टाका मी शंभर पावलांवरून ओळखतो. गिरणीपासून कुरण घोड्यावरून अर्ध्या दिवसाची वाट. म्हणजे घोडी गेली तेव्हा तो इथे खाली होता.

आता काय म्हणतेस?

आके

बिश्केक, २० सप्टेंबर

ती. आके यांस सलाम. वि. वि.

तुमचं पत्र वाचून मी वसतिगृहाच्या जिन्यात एकटीच हसत उभी राहिले. आमचे सर सांगतात की एखादी गोष्ट माहीत आहे असं म्हणायला तीन गोष्टी लागतात. ती आपल्याला पटलेली हवी, ती खरी हवी आणि ती पटायला चांगलं कारण हवं. पटलेली तर होतीच. आता कारणही मिळालं, आणि तेही तुमच्या डोळ्यांचं. याहून चांगलं कारण कोणतं असणार?

शपथ घ्या, आके. मान वर करून घ्या. तुमच्या पोटाची मी माफी मागते.

लोभ वाढला असेल, अशी आशा आहे.

आपली,
बेगिमाय

कोकदोबे, २ ऑक्टोबर

चि. बेगिमायस आशीर्वाद.

शपथ घेतली. नान हातात धरून म्हणालो की मेलिसनं घोडी नेली नाही, हे मला माहीत आहे. कशावरून, ते कुणी विचारत नाहीत. शपथेला कारण लागत नाही. मेलिस सुटला. तिसऱ्या दिवशी घोडीही मिळाली. जुमाबेकनं ती दोन वर्षांपूर्वी घाटापलीकडून आणली होती. ती आपल्या पायांनी जुन्या कळपात परत गेली होती. आता जुमाबेक येत्या शुक्रवारी सभेत मला नवा चापान, मानाचा अंगरखा, घालणार आहे. कारागीर म्हणून नव्हे, खऱ्या शब्दाचा माणूस म्हणून.

पण परवा मेलिसचा मेव्हणा कुबात खोगीर दुरुस्तीला आला. बोलता बोलता म्हणाला, चोवीस तारखेला मी गिरणीवर दळण घेऊन बसलो होतो. मेलिसनं त्या दिवसापुरता माझा चांगला कोट नेला आणि त्याचा मला दिला. त्या कोटाला असा वास होता की गिरणीवाला मला मेलिस म्हणूनच हाक मारत होता. हे सांगून तो पोटभर हसला.

मी हसलो नाही. गिरणीवर मी माणूस पाहिलाच नव्हता. मी माझा टाका पाहिला होता.

शपथ खरी ठरली. तरी दोन रात्री डोळा लागला नाही. मेलिसला तोंड दाखवायची लाज वाटते. आपा म्हणते, घोडी आली, माणूस सुटला, गप्प बस आणि चापान घाल, थंडी येतेय. तू काय म्हणतेस?

आके

बिश्केक, ६ ऑक्टोबर

ती. आके यांस सलाम. वि. वि.

चूक तुमच्याइतकीच माझी आहे. पाहिलंत का, एवढंच मी विचारलं. काय पाहिलंत, हे विचारायला हवं होतं. घाईनं शहाणपण शिकवलं.

सोमवारी तुमचं नाव न घेता ही गोष्ट मी सरांपुढे मांडली. पटलेलं होतं, खरं होतं, कारणही होतं. तरी त्या माणसाला माहीत होतं म्हणायचं का? सर फळ्यापाशी थांबले. हे कोणत्या पुस्तकातलं, असं त्यांनी विचारलं. आमच्या घरातलं, म्हटलं. मग त्यांनी कबूल केलं की त्या तीन गोष्टी पुरत नाहीत. तुमचं खरं निघालं ते नशिबानं.

मेलिसकाकांनी घोडी नेली नाही, हे शपथेतलं खरं. मला माहीत आहे, हे खरं नाही. लोक तुमच्या शब्दावर घोडे देतात. तो शब्द हलका होईल याची मला भीती वाटते. त्या शब्दाच्या जोरावर मी इथवर आले. तरीही, आके, चापान घालण्याआधी सांगा.

जमलं तर लोभ ठेवावा.

आपली,
बेगिमाय

कोकदोबे, १४ ऑक्टोबर

चि. बेगिमायस अनेक आशीर्वाद.

सांगितलं. जुमाबेक चापान उलगडून पुढे आला तेव्हा मी त्याचा हात धरला आणि सगळं बोललो. सभा हसली. सभेतले ज्येष्ठ सादिर आक्साकाल म्हणाले, घोडी दावणीला आहे, आता हे शिवणकाम कशाला उसवतोस? पण जुमाबेक हसला नाही. तो म्हणाला, मग त्या दिवशी मेलिस होता कुठे?

सगळ्या माना दाराकडे वळल्या. मेलिस दारापाशी बसला होता. खाली बघत म्हणाला, काराकोलला, डॉक्टरकडे. दारू सोडायची सुई घ्यायला. म्हणून मेव्हण्याचा चांगला कोट नेला. कुणाला बोललो नाही. सुटली नाही तर गाव हसलं असतं. सादिर आक्साकाल चिडले. महिनाभर आम्हाला का नाचवलंस, तेव्हाच का नाही बोललास, म्हणाले. मेलिस म्हणाला, कुणी विचारलंच नाही.

बेगिमाय, मी पोटाला विचारलं, डोळ्यांना विचारलं, बिश्केकला तुला विचारलं. मेलिस माझ्यापासून चार घरांवर राहतो. गावात एकट्या त्यालाच माहीत होतं, आणि मी माझा शब्द स्वच्छ ठेवायच्या नादात त्याच्या दारापर्यंत गेलो नाही. हे तुझ्या सरांना सांग. त्या तीन गोष्टींत हे कुठे बसतं, ते त्यांनी बघावं.

चापान जुमाबेकनं मेलिसच्या अंगावर घातला. बाह्या आखूड होतात, पण काढत नाही. यापुढे ज्याच्यावर आळ येईल त्याला आधी बसवून विचारायचं आणि मग शपथेचं बघायचं, असं सभेनं ठरवलं. माझ्या शब्दाचं काय होईल, ते पुढचा फिर्यादी निवडील तेव्हा कळेल.

काल मेलिसकडे चहाला गेलो. सुई घेतल्यापासून प्यायलेला नाही. खुंटीवर तो कोट होता, ठिगळ उसवलेलं. दुरुस्तीला घेऊन आलोय. न्यायला येईल तेव्हा आधी तोंड बघेन, मगच देईन.

आपाचे आशीर्वाद. थंडी वाढलीय, जप. लोभ कमी झालेला नाही.

तुझा,
आके