तिसरा डबा

दि. ४ जून
ती. दादास,
सा. न. वि. वि.

तुझं जहाज आता कुठल्या बंदराला लागेल ते ठाऊक नाही, तरी लिहिते. अर्धांगाच्या त्या झटक्यापासून बाबांना जिना चढवत नाही, म्हणून त्यांची छोटी आगगाडी माडीवरून खालच्या खोलीत आणली. पलंग आणि कपाट यांच्यामधून रूळ फारच आवळून वळवावे लागले. इंजिन जातं, दोन डबे जातात. तिसरा, सगळ्यांत लांब, दर फेरीला कपाटाशी आडवा होतो आणि मागचा चौथाही अडतो. मग बाबा खुर्चीतून वाकतात आणि त्या आखडत चाललेल्या उजव्या हाताने तो परत रुळावर ठेवतात. घाम फुटतो त्यांना. व्यायामाच्या बाईंनी दिलेला चेंडू मात्र धरत नाहीत. कुत्र्याला टाका म्हणतात. आत्या म्हणते, नातवंडं खेळवायच्या वयात हा स्वतःच खेळतोय.

मला हे हाल बघवत नाहीत. काय करू? डबा बाबांनी स्वतः बनवलेला, म्हणून तुला विचारल्याशिवाय एका स्क्रूलाही हात लावलेला नाही.

आहे तेवढा लोभ मला पुरतो, कमी मात्र करू नकोस.
तुझी धाकटी

दि. २१ जून
चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

दुखणं डब्याचं नाही, जोडणीचं आहे. बाबांनी कपलिंग डब्याच्या तळाला पक्कं बसवलंय. माडीवरच्या ऐसपैस वळणाला ते खपून गेलं. आवळलेल्या वळणावर लांब डब्याचं टोक बाहेर सरकतं, आणि त्या ओढीने चाकं रूळ सोडतात. कपलिंग तिथून काढ आणि खालच्या फिरत्या चाकांच्या जोडीवर बसव, म्हणजे चाकांबरोबर तेही वळेल. डब्यांमध्ये फट जरा जास्त दिसेल, ती सोस. आणि मोजून मोजून स्क्रू झिजवू नकोस!

आत्याला सांग, आलो की तिच्या जिभेचंही बघतो.

माया आहेच, पत्रांत खाडा नको.
तुझा दादा

दि. ९ जुलै
ती. दादास,
सा. न. वि. वि.

तू सांगितलंस तसं केलं. गाडी एकदाही पडली नाही. पहिल्या दिवशी बाबा हसले, तुला शाबासकी कळव म्हणाले. मग नुसते बघत बसू लागले. हात मांडीवर. काल व्यायामाच्या बाई बोटं उलगडायला गेल्या, तर उलगडेनात. गेल्या महिन्यात हात इतका चांगला होता, तेव्हा काय करून घेत होतात, असं त्यांनी विचारलं. उत्तर मला ठाऊक होतं.

दादा, तो डबा उचलणं हाच त्यांचा व्यायाम होता आणि तो मी बंद केला. कपलिंग परत जुन्या जागी लावू? पण डबा मुद्दाम पाडायचा म्हणजे बाबांना फसवणंच की. मला झोप नाही.

लोभ असू दे, रागावलास तरी.
तुझी धाकटी

दि. २६ जुलै
चि. मोजपट्टीस,
अनेक आशीर्वाद.

लाव. पत्र मिळताक्षणी लाव. सल्ला माझा होता, तुझा फक्त स्क्रू-ड्रायव्हर. अपराध वाटून घ्यायचा तर थोरला वाटा थोरल्याचा. बाबांनी विचारलंच तर खोटं बोल. जन्मात एकदा जमव.

तुझा दादा

दि. १२ ऑगस्ट
ती. दादास,
सा. न. वि. वि.

जमलं नाही. डबा पडला तसे बाबा लगबगीने वाकले. डाव्या हाताने उचलून त्यांनी तो उलटा केला, स्क्रू जुन्या जागी पाहिला आणि हे मुद्दाम का, असं विचारलं. मी हो म्हटलं, आणि कशासाठी तेही सांगितलं. मग त्यांनी डबा उजव्या हातात घेतला. फार वेळ झटले, मला वाटतं माझ्यासाठीच. चाकं रुळाला टेकायची आणि हात घसरायचा. शेवटी म्हणाले, बाळ, हा राहू दे बाहेर, बाकीची गाडी जाऊ दे.

आता दुसऱ्याला चौथा जोडला आहे. गाडी छान फिरते. तिसरा त्यांच्या मांडीवर असतो. मिटत चाललेल्या मुठीत मी तो सकाळी ठेवते, निजताना काढून घेते.

तुझा लोभ पत्रातून पोचतो रे. आता रजा मिळते का बघ.
तुझी धाकटी