बाबांनी परवानगी दिली, बहुतेक

ती. आत्यास साष्टांग नमस्कार.

तुझा गुडघा आता जिना चढू देतो का? मालिश थांबवू नकोस. इकडे मी ठीक आहे आणि बाबा जरा जास्तच ठीक आहेत, म्हणून हे पत्र.

गेल्या आठवड्यापासून ते माझ्यासाठी चहा करतात. "झोप लागली का गं नीट?" असं विचारतात, आणि (हे लक्षात घे) माझं उत्तर संपेपर्यंत थांबतात. तुझा भाऊ जन्मभर नाटक-सिनेमात दुय्यम भूमिका करत आला, आणि प्रत्येक भूमिका आधी घरात वागून बघत आला, तीही कुणाला न सांगता. न्यायाधीश झाले तेव्हा भाजी अळणी का, यावर त्यांनी आईला पुढची तारीख दिली होती. सिनेमात घरगडी झाले तेव्हा घर लखलखीत होतं; शूटिंग संपल्या दिवशी हातातला झाडू आहे तिथे टाकून खुर्चीत बसले. तेव्हा हा प्रेमळ बाप कुठल्या नाटकातला, हे शोधणं मला भागच होतं. उशीखाली, कपाटात, रद्दीत, कुठेही संहिता नाही. नाटक कंपनीच्या व्यवस्थापकांना फोन केला, तर म्हणाले, "काम आम्हालाच नाही, त्यांना कुठून देणार?" (पण हे गृहस्थही पूर्वीचे नटच.)

अशात मला परगावी नोकरी लागली. भीत भीत बाबांना सांगितलं. त्यांनी चष्मा काढला. (ऑपरेशन करून बाहेर येणारा डॉक्टर काढतो तसा, पण ते असो.) म्हणाले, "जा, बाळ," आणि थांबले. थांबलेच. आता, मी वाचायला शिकले ती बाबांच्या संहितांवर, आणि पाठांतराच्या वेळी अडलेला शब्द पुरवणं हे माझं लहानपणापासूनचं काम. सवयीने तोंडून निघून गेलं, "माझी काळजी करू नकोस." त्यांनी ते लगेच उचललं. "माझी काळजी करू नकोस!" शेवटच्या रांगेला ऐकू जाईल असं खणखणीत.

म्हणजे बघ आत्या, अर्धी परवानगी माझी मीच दिली. "जा" त्यांचं म्हणू, पण पुढे काय येणार होतं? "जा, पण"? मी पुन्हा विचारायला गेले, तर म्हणाले, "का गं, चुकलं का काही?" अशा माणसाला काय विचारायचं?

तुझी भाची

ता. क. पत्र लिहिण्याचं कारण राहिलंच. तू त्यांना फोन कर. शाळा चुकवायला केलेली त्यांची पोटदुखी घरात तू एकटीच ओळखायचीस, असं तेच सांगतात. मी जाऊ का, एवढंच विचार. मध्येच थांबले तर कृपा करून पुढचा शब्द पुरवू नकोस.

ता. क. आणखी एक. नोकरीला होकार मी कालच कळवून टाकलाय. त्यामुळे ते "नाही" म्हणाले, तर मला जरा सांभाळून सांग. पण सांग नक्की. मला तेच ऐकायचंय की काय, असा आता मला माझाच संशय येऊ लागलाय.