सात डिसेंबरच्या आत

टेंपल ग्रोव्ह, आयोवा
२६ ऑक्टोबर

प्रिय जोलीन,

दर रविवारी आपण फोनवर बोलतो, मग डॅडने पत्र का धाडलं, असं तुला पाकीट हातात घेताच वाटेल. त्यातून पाकीट जाडजूड. घाबरू नकोस, मृत्युपत्र नाही. तुझ्याकडे एक काम आहे आणि ते सात डिसेंबरच्या आत व्हायला हवं. गेले तीन रविवार सांगायचं ठरवलं, पण मी जरा अडखळलो की तू "डॅड, तू कसली काळजी करू नकोस बघू" म्हणतेस, आणि मलाही गप्प बसायला निमित्तच हवं असतं. कागद मधे बोलत नाही, म्हणून कागदावर लिहितोय.

इकडे सगळं ठीक आहे. मका निघाला. चार दिवस हवेत इतकी धूळ होती की खिडकीच्या काचेवर बोटाने नाव लिहावं. परसातल्या सफरचंदाने यंदा फांदी वाकेपर्यंत फळ धरलं. तुझ्या आईच्या पद्धतीने दालचिनी घालून आटवलं, दोन बरण्या तुला वेगळ्या पाठवतोय. चर्चच्या जेवणात यंदा हॅम जरा खारट झालं, पण ते कुणी बोललं नाही, कारण पाद्रीबाईंनी स्वतः केलं होतं.

तू गेल्या महिन्यात विचारलंस, लायब्ररीतलं टेबल का सोडलं? मी म्हटलं, गुडघे. गुडघे दुखतात हे खरं आहे. पण बसून करायच्या कामाला गुडघे कसे आड येतात, हे तू विचारलं नाहीस. मनात आलंच असणार, आईच्या वळणावर गेली आहेस तू.

ते टेबल माझं केवढं होतं, तुला माहीत आहे. धान्याच्या कोठारावर चाळीस वर्षं मी वजनकाटा सांभाळला. निवृत्त झालो तेव्हा वाटलं, आता आपला कुणाला उपयोग? मग राज्याकडून आठवडाभराचं शिक्षण घेतलं आणि चौदा वर्षं लायब्ररीच्या मागच्या खोलीत बसलो. पंधरा ऑक्टोबर ते सात डिसेंबर, मंगळवारी आणि गुरुवारी. मेडिकेअरच्या सरकारी आरोग्यविम्यावर असलेल्या म्हाताऱ्यांनी पुढच्या वर्षासाठी औषधांच्या विम्याची योजना निवडायची ती याच दिवसांत. कंपन्या दरवर्षी आपल्या याद्या बदलतात. यंदा तुमची गोळी यादीत आहे, पुढच्या वर्षी नाही. हप्ता कमी दिसला म्हणून उडी मारायची नाही, आपली प्रत्येक गोळी त्या योजनेत बसते का ते आधी बघायचं. लोक गोळ्यांच्या बाटल्या पावाच्या पिशवीतून आणायचे. म्हातारा लेलँड तर बोलिंगच्या चेंडूच्या बॅगेतून आणायचा. माझा एकच नियम होता, आणि तो मी पुठ्ठ्यावर लिहून टेबलावर उभा केला होता : बाटल्या समोर ठेवा, पाठ म्हणू नका. डोळ्याने वजन करणारा माणूस आणि पाठ यादी सांगणारा माणूस, दोघांवर माझा कधी विश्वास नव्हता.

आता अर्डिसबद्दल. अर्डिस क्विस्ट, तुझी स्कूलबसवाली. अठ्ठावीस वर्षं तिने या गावाची पोरं वाहिली आणि त्यातली निम्मी आजही तिला बघून पाठ ताठ करतात. आरशात न बघता "जोलीन टीडमन, खाली बस!" म्हणून ओरडायची, आणि तू घरी येऊन रडायचीस की मी उभीच नव्हते. दर वर्षी नोव्हेंबरच्या पहिल्या मंगळवारी पहिला नंबर तिचा. आल्या आल्या सुरू : "काय रे ऑर्विल, यंदा तरी मला मरेपर्यंत पुरेल अशी योजना शोध. दर वर्षी यायचं म्हणजे दर वर्षी तुझं तोंड बघावं लागतं." मी म्हणायचो, तू तितकी वर्षं जगणार हेच कंपन्यांना परवडत नाही. जाताना घरी भाजलेली रूबार्बची आंबटगोड पाई टेबलावर ठेवून जायची. आई गेल्यावर ती पाई दोनदा यायला लागली, एकदा नोव्हेंबरात आणि एकदा फेब्रुवारीत, आईच्या तारखेला. तारखेबद्दल ती कधी बोलली नाही. दारात ठेवून, घंटा वाजवून निघून जायची.

आईच्या गोळ्या तुला आठवतात? नऊ. सहा वर्षं दर रविवारी चर्चहून आलो की मी तिची आठवड्याची डबी भरायचो. सकाळची थायरॉइडची, मग रक्तदाबाच्या दोन, मग ती गुलाबी, जी घशात अडकायची. ती खुर्चीत बसून म्हणायची, "मोजून दे हं, मी काही गव्हाचा ट्रक नाही." पत्ते पिसावेत तशा त्या गोळ्या माझ्या हातून जायच्या. मार्डेलला जाऊन चार वर्षं होतील, तरी तो क्रम हातातून गेला नाही.

गेल्या नोव्हेंबरात अर्डिस नेहमीसारखी आली. बाटल्यांची पिशवी टेबलावर ठेवायला लागली आणि मी, मीच, हात हलवून म्हटलं, राहू दे गं, तुझ्या गोळ्या मला पाठ आहेत. पुठ्ठा तिथेच उभा होता, जोलीन. तिने पुठ्ठ्याकडे बोट दाखवलंसुद्धा. "नियम फक्त गरिबांना का रे?" म्हणाली. मी हसलो आणि यादी टाइप केली. बोटं भराभरा चालली, एकदाही अडलो नाही. एक योजना सगळ्यांत वर आली, हप्ता कमी, गावातलंच औषधाचं दुकान चालणारं. मी तिथल्या तिथे तिचं नाव नोंदवलं, कागद छापून दिला, आणि त्या दिवशी घरी येताना मला फार बरं वाटत होतं. म्हटलं, अजून डोकं शाबूत आहे.

फेब्रुवारीत पाई आली. एप्रिलमध्ये अर्डिसला झटका आला. गॅरेजमध्ये पडलेली शेजाऱ्याला सापडली. हे मी तुला तेव्हाच सांगितलं होतं, तू कार्डही पाठवलंस. उजवी बाजू गेली आणि बोलणंही गेलं. फक्त दोन शब्द उरलेत, तेवढे स्पष्ट येतात : "खाली बस." नर्सला तेच, जेवण आणणाऱ्या मुलीला तेच, खिडकीतल्या पाखरालाही तेच. तिथले डॉक्टर म्हणतात असं होतं, हजारो वेळा म्हटलेलं तेवढं मागे राहतं. पहिल्यांदा ऐकून मी हसलो, आणि मग गाडीत बसून बराच वेळ किल्लीच फिरवली नाही.

ऑगस्टमध्ये तिच्या भाचीने, ग्वेनने, डे मॉइनहून फोन केला. नर्सिंग होमला विम्याचे कागद हवे होते, मावशीच्या घरून आणून द्याल का म्हणाली. कागद स्वयंपाकघराच्या खणात होते, माझ्याच फोल्डरमध्ये. मी उघडला. वरच्या पानावर नाव अर्डिस क्विस्ट आणि खाली औषधं. थायरॉइडची. रक्तदाबाच्या दोन. गुलाबी. नऊच्या नऊ, त्याच क्रमाने. अर्डिसला थायरॉइड कधी नव्हतंच. तिचं हृदय अनियमित चालायचं, तिला रक्त पातळ ठेवणारी गोळी होती, ती यादीत नव्हती. म्हणून ती गोळी त्या योजनेतही नव्हती. जानेवारीत औषधाच्या दुकानात तिला पूर्ण किंमत सांगितली असणार. माझ्याकडे आली असती तर मी डॉक्टरची चिठ्ठी जोडून कंपनीकडे अर्ज केला असता, काही ना काही मार्ग काढला असता. ती आली नाही. समासात तिच्या पेन्सिलीने लिहिलेलं होतं : "या मार्डेलच्या गोळ्या आहेत. ऑर्विलला कळू द्यायचं नाही." त्याच्या खाली : "दिवसाआड घेऊन बघू."

म्हणजे फेब्रुवारीत ती पाई घेऊन दारात आली तेव्हा तिला माहीत होतं. दिवसाआड गोळी घेत होती, आणि तरी घंटा वाजवून निघून गेली. मला लाज वाटू नये म्हणून. डॉक्टर म्हणतात, रोज घेऊनही झटका आला असता कदाचित. मी त्यांच्या त्या "कदाचित"ला घट्ट धरून बघितलं. त्याच्याने वजन पेलवत नाही. मी तिचं वाटोळं केलं, जोलीन. हे मी या शब्दांत अजून कुणाला म्हटलेलं नाही, तुलाच पहिल्यांदा.

सप्टेंबरमध्ये मी आपणहून डॉक्टरकडे गेलो. कागदावर घड्याळाचं चित्र काढायला लावलं, पाच शब्द सांगून थोड्या वेळाने परत विचारले. मला दोन आठवले, त्यातला एक "सफरचंद" होता. त्यावरून आठवलं, परसातल्या झाडाने यंदा फांदी वाकेपर्यंत फळ धरलं. दालचिनी घालून आटवलंय, दोन बरण्या तुला पाठवतोय. डॉक्टरांनी एक नवी गोळी दिली, रात्री झोपताना घ्यायची. बरं करत नाही, विसरणं वाढत जातं ते जरा सावकाश करते म्हणाले. मग टेबल सोडलं. लायब्ररीत त्यांना पण गुडघेच सांगितले.

आता परवाचं. ग्वेन नर्सिंग होममध्ये आली होती, तिने मलाही बोलावलं. पुढच्या वर्षासाठी अर्डिसची योजना निवडायची आहे. ग्वेन म्हणाली, "मी फॉर्म काढला की मावशी तो ढकलून देते आणि चर्चच्या पत्रकातल्या तुमच्या फोटोवर बोट ठेवते. तुम्हीच करायचं असं तिचं म्हणणं आहे." मी ग्वेनला म्हटलं, जरा कॉफी आण. ती बाहेर गेल्यावर अर्डिसच्या पलंगापाशी उभा राहिलो, टोपी हातात घेऊन, आणि सगळं सांगितलं. फोल्डर बघितला म्हणालो. मला कळलंय म्हणालो. माझं डोकं चालेनासं झालंय, तुझी यादी करायची माझी लायकी नाही, म्हणालो. रडलो पण, आता लपवून काय करू. ती माझ्याकडे बघत राहिली, एक डोळा जरा ओढलेला. मग डाव्या हाताने खुर्ची माझ्याकडे सरकवू पाहिली, ती काही सरकेना, तर तिने खुर्चीवर थाप मारली आणि बसमध्ये ओरडायची तशी ओरडली, "खाली बस!" मी बसलो. तिने उशीखालून पावाची पिशवी काढली आणि माझ्या मांडीवर ठेवली. तिच्या सगळ्या बाटल्या. ग्वेन नंतर म्हणाली, मावशीने खुणा करकरून मागून घेतल्या होत्या.

हे पत्र आत्ता वरून खाली वाचलं. सफरचंदांचं दोनदा लिहिलंय, दोन्हीकडे दोन बरण्या. खोडणार होतो, पण तसंच ठेवलं. फोनवर तुझ्या लक्षात आलं असेल आणि तू बोलली नसशील, अर्डिससारखीच. आता ते पुरे कर. मला लाज वाटू नये म्हणून कुणी गप्प बसलेलं मला आता नको.

तर काम हे. पाकिटात दोन याद्या आहेत. पहिली अर्डिसची, अकरा औषधं. रक्त पातळ ठेवणारी सगळ्यांत वर आहे. दुसरी माझी. सात होती, आता आठ आहेत, आणि ती आठवी कशाची ते तुला कळलंच. ती लिहायला मला चार दिवस लागले, कारण लिहिली की ती माझी झाली. दोन्ही याद्या बाटल्या समोर ठेवून, एकेक अक्षर बघून लिहिल्यात, तरी माझ्यावर विश्वास ठेवू नकोस. बाटल्यांचे फोटो लायब्ररीतल्या मुलीकडून काढून घेतलेत, तेही सोबत आहेत. एकेक गोळी त्याच्याशी ताडून बघ आणि सात डिसेंबरच्या आत आम्हा दोघांच्या योजना तू निवड. अर्डिसला मी विचारलंय, जोलीनने केलं तर चालेल का. तिने मान हलवली. ग्वेनलाही सांगितलंय, तिचा नंबर यादीच्या मागे आहे. आधी अर्डिसची कर, माझी मग. आणि जमलं तर नोव्हेंबरअखेर थँक्सगिव्हिंगच्या सणाला ये. तुझ्या आईच्या गोळ्यांची डबी अजून सिंकच्या वरच्या फळीवर आहे, ती आता मला लागेल. पहिल्या रविवारी ती तू भर. मी समोर बसून बघेन, आणि मधे काही पाठ म्हणायला लागलो तर मला थांबव.

तुझाच,
डॅड