दोन वेढे

मुंबई,
९ मार्च २०२५

सौ. वनमालाअक्कास,
सोमेश्वरचा नमस्कार.

तू, दाजी आणि पोरं खुशाल असाल. पाटोद्यात ऊन तापायला लागलं असेल. अक्षर पाहून हसू नकोस, फौजेत राहून माणूस लिहायचं विसरतो. फोन केला असता, पण तुझा फोन सदा पोरांच्या हातात, आणि घरचा फोन आबा स्पीकरवर लावून अख्ख्या आळीला ऐकवतात.

आबांनी तुलाही शर्यतीचं विचारलं असेल. नेकनूरच्या पारावर ते सगळ्यांना सांगत असतात, "आमचा सोमा समुद्रावर होडी हाकतो." परवा मला म्हणाले, "कितवा नंबर आला रं?" मी रेंज नाही म्हणून फोन ठेवला.

तर शर्यतीचं सांगतो. आमच्या फौजेच्या शिडाच्या होडीवर आम्ही पाच जण. सुकाणूवर पिल्लेसाहेब, मोठ्या शिडाचा दोर माझ्याकडे. वाऱ्याने होडी कलली की सगळे वरच्या काठावर जाऊन बसतात. फारच कलली तर मी दोर सोडायचा. शिडातला वारा निघून जातो आणि होडी सरळ होते. त्या दिवशी वारा सकाळपासून पिसाळलेला होता. काही होड्या माघारी फिरल्या. आम्ही दुसरे होतो आणि पहिली होडी अगदी पुढ्यात. भीती कसली, खोटं कशाला सांगू, मला लई मजा येत होती.

पाण्यावर तरंगणाऱ्या लाल बोयाला वळसा घातला आणि वाऱ्याचा झोत आला. पिल्लेसाहेब ओरडले, "सोमेश्वर, छोड!"

मी सोडला नाही. खरं म्हणजे सोडता येईना. दोर मी हाताला गुंडाळला होता, दोन वेढे.

दोर हाताला कधीच गुंडाळायचा नाही, हे होडीवर पहिल्याच दिवशी शिकवतात. नव्या पोरांना मीच शिकवतो. पण दोर उधळल्यासारखा ओढायला लागला आणि माझा हात आपोआप फिरला. तुला आठवतं ना, बाजारात पांढरा बैल उधळला तेव्हा आबा फरफटत गेले, पण कासरा सोडला नाही. गाव अजून सांगतं. नंतर मला त्याच बैलापुढे उभं करून म्हणाले होते, "हाताला दोन येढे दे अन् धर. सोडलास तर घरी यायचं न्हाई."

अक्का, माझ्या उजव्या हाताची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट गेलं. होडी आडवी झाली, दोर आवळत गेला, शेवटी पिल्लेसाहेबांनी सुरीने कापला. बाकी कुणाला खरचटलंसुद्धा नाही. हे पत्र डाव्या हाताने लिहितोय. रोज थोडं लिहा, असं डॉक्टर म्हणतात. नोकरी राहील, कुठेतरी स्टोअरमध्ये बसवतील. होडी मात्र गेली. रडू येतं गं. सकाळी होड्या पाण्यात निघतात तेव्हा मी खिडकीकडे पाठ करून बसतो.

आता तुझ्याकडे एक काम आहे. पाडव्याला मी येतोय. त्याआधी तू नेकनूरला जा आणि घरी सांग. माय रडेल, तिला तू सांभाळशील. पण खरं कसं झालं, ते आबांना कळता कामा नये. दोर गुंडाळला होता हे कळलं, तर ते स्वतःच्या हाताकडे बघत बसतील. मला ते बघवणार नाही. त्यांच्याकडे जे सगळ्यात चांगलं होतं, तेच त्यांनी मला शिकवलं होतं.

म्हणून सांग, की झोत आला, सोमा घाबरला आणि त्याने दोर सोडून दिला. मग सुटलेला दोर धरायला गेला तेव्हा कप्पीत बोटं सापडली. आबा चिडतील. "सोडलाच कावून?" म्हणून तुझ्यावर ओरडतील. चार दिवस पारावर जायचे नाहीत. नाही गेले तर नाही गेले. घरी येऊ नको म्हणाले तरी मी येणार आहे, एवढं त्यांना सांगून ठेव.

दाजींना पत्र दाखवू नकोस, त्यांच्या पोटात काही राहत नाही. वाचून झालं की चुलीत टाक.

तुझा,
ज्याने दोर सोडला तो,
सोमा