पंख्यांचे दुकान आणि देशाची परिस्थिती

मी, खाली सही करणारी, वय एकोणऐंशी, पंखे दुरुस्त करणारी बाई, हे मृत्युपत्र कोणाच्याही धाकाशिवाय लिहून ठेवते. डोके ठिकाणावर आहे. धाकट्या दिराला शंका असेल तर त्याने मी जिवंत असतानाच येऊन भांडून घ्यावे.

१. दुकान व मागची खोली नणंद आणि माझा मुलगा यांना निम्मी-निम्मी. कारण सांगणे भाग आहे. आम्ही नणंद-भावजय कामाला होतो तो पंख्यांचा कारखाना बुडाला आणि दोघी एकाच दिवशी घरी बसलो. देशाचे चलन असे गडगडले होते की नवा पंखा कोणालाच परवडेना. दीर बँकेत होता. कर्ज मागितले तर म्हणाला, "वहिनी, देशाची परिस्थिती बघताय ना? ही काय धंदा काढायची वेळ आहे?"

मी म्हटले, "भावजी, परिस्थिती बरी असती तर जुना पंखा दुरुस्त कोण करून घेईल?"

कर्ज मिळाले नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर दुकान मांडले. दारात रांग लागली, त्यातूनच हे दुकान झाले.

२. दिराला त्याचाच पंखा. दुरुस्तीला टाकून गेला, न्यायला लाजतो.

३. पुढे देशाचे दिवस पालटले आणि आमचे फिरले. आयात खुली झाली. पंखा बिघडला की लोक सरळ फेकू लागले. वर्तमानपत्रात भरभराट, दुकानात माश्या. नणंदेने पगाराची नोकरी धरली. ते मी अजून माफ केलेले नाही.

४. त्याच भरभराटीत चिरंजीवांनी कंपनी काढली: फोनवरून घरी कारागीर बोलवायचा. व्याजदर खाली, गुंतवणूकदार हात धुऊन मागे. एकही कारागीर नेमण्याआधी काचेचे ऑफिस झाले. मग महागाई भडकली, व्याजदर चढले आणि त्याच लोकांनी फोन उचलणे सोडले. पोरगा हुशारच होता. पैसा महागला, एवढेच. पण तो खोलीबाहेर पडेना, जेवेना. नणंद, तेव्हा निवृत्त, तडक आली आणि जळकी मोटर त्याच्या पुढ्यात आपटली.

"कारागीर पुरवणार होतास ना? आधी स्वतः हो."

तो उठला. म्हणून निम्मी-निम्मी.

५. त्याच्या ऑफिसातली पोत्यासारखी खुर्ची मांजराला. तिच्यातून उठणे मला कधी जमले नाही.

६. दोघांनी भांडावे, पण गिऱ्हाइकासमोर नको.

साक्षीदार: समोरचा न्हावी (सही), वरच्या मजल्यावरची दातांची डॉक्टरीण (सही).
लिहून देणार: पंखेवाली (सही).
ठिकाण: दुकानाची मागची खोली.
दिनांक: व्याजदर पुन्हा वाढले त्याच्या दुसऱ्या दिवशी, शनिवार. बाहेर तिघेजण पंखे घेऊन उभे आहेत, म्हणून इथेच थांबते.