दामोदरनशी समोरासमोर

तीर्थरूप कुंजुण्णीमामांच्या पायांशी (त्यातही डाव्या गुडघ्याशी) भाचा अच्युतन याचा दंडवत.

इकडे भगवतीच्या कृपेने सगळे जिवंत आहोत. ‘खुशाल’ हा शब्द मुद्दामच लिहिला नाही. तुमचा गुडघा कसा आहे? देवीच्या गेल्या पूरम उत्सवाच्या दुसऱ्याच दिवशी तो एकाएकी धरला आणि तुम्ही उत्सव कमिटीचं सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात अडकवून कोइम्बतूरला लेकीकडे, मालतीकडे निघून गेलात, तेव्हापासून तुमची भाचेसून सुभद्रा रोज देवीपुढे तुमच्या गुडघ्याच्या नावाने दिवा लावते. (नेमकं काय मागते, ते मी विचारलेलं नाही.) तिकडची हवा मानवते ना? तुमच्या हाताखाली वाढलो म्हणून आज हे पत्र लिहायचं धैर्य होतंय. अक्षर थरथरलेलं दिसलं तर शाईला दोष देऊ नका.

मामा, मला हत्तीची भीती वाटते. पन्नाशी उलटल्यावर हे वाक्य पहिल्यांदा कागदावर लिहितो आहे, वाचून झालं की हे पान चुलीत घाला. आपल्या मुलखात माणूस देव मानत नाही म्हणाला तरी त्याला कोणी जेवायचं थांबवत नाही, पण हत्तीला घाबरतो म्हणाला तर त्याच्या पोरीचं लग्न मोडतं. आजवर मी निभावून नेलं. मिरवणुकीत मी कायम चेंड्याचे ढोल वाजवणाऱ्यांच्या मागे उभा राहायचो, आणि लोक म्हणायचे, अच्युतनला वादनाची काय गोडी! त्या गोडीपायी माझा उजवा कान गेला, पण अब्रू राहिली. आणि अशा माणसाला तुम्ही हत्ती ठरवायच्या कामावर बसवलंत.

तर करार. मंडपवाल्याच्या कराराची नक्कल पुढ्यात ठेवून मी हत्तीचा करार लिहायला घेतला. पहिला पक्ष, उत्सव कमिटी. दुसरा पक्ष? आता तुम्हीच सांगा, आपल्याकडे हत्तीच्या मालकाचं नाव कोण लक्षात ठेवतं? फलकावर फोटो हत्तीचा, नाव हत्तीचं, बिरुदं हत्तीची. खुद्द मालकीण पारुक्कुट्टी अम्मांना सगळं गाव ‘दामोदरनची अम्मा’ म्हणतं. मी बेलाशक लिहून टाकलं, दुसरा पक्ष, तेक्केप्पाट दामोदरन. खाली मंडपवाल्याचं कलमही तसंच उतरवलं, की मतभेद झाल्यास कोर्टकचेरी न करता, मध्ये दलाल न घालता, उभय पक्षांनी समोरासमोर बसून मिटवावे. अम्मांनी चष्मा लावून शब्द न् शब्द वाचला, गालातल्या गालात हसल्या आणि ‘दामोदरनकरिता’ असं लिहून सही ठोकली. त्या हसण्यातली गोम मला तेव्हाच कळायला हवी होती, पण मी त्यांच्या हातचं पायसम खाण्यात गुंग होतो.

फलक लागले. दामोदरन मित्रमंडळाच्या पोरांनी देवळासमोर त्याचं चित्र खऱ्या दामोदरनपेक्षा मोठं उभं केलं. आणि मग अम्मांचा निरोप आला, दामोदरन यंदा येणार नाही. का, तर गेल्या वर्षी देवीची मूर्ती डोक्यावर घ्यायचा मान त्याला कबूल केला होता, भाळपट्टा बांधून तो तयार उभा होता, आणि ऐन वेळी तो मान बाहेरगावच्या चार बोटं उंच हत्तीला दिला. (कोणी दिला ते आपल्या दोघांतच राहू द्या.) मी दलालाला पाठवलं, तर अम्मांनी त्याला ताक पाजून परत पाठवलं, करारात दलाल नको असं लिहिलंय म्हणून. मग मीच गेलो आणि त्यांचे पाय धरले. त्या म्हणाल्या, “माझे पाय कशाला धरतोस बाळा? अपमान झाला त्याचा, पक्षही तोच. मी आपली नुसती सही करणारी बाई. तो काय तिकडे, बोल त्याच्याशी.”

माझ्या पाचावर धारण बसली. म्हटलं उद्या येतो. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. गेलो नाही तर दामोदरन येणार नाही, आणि तो आला नाही तर मंडळाची पोरं मलाच झूल घालून मिरवतील. सकाळी सुभद्राने केळ्यांचा घड हातात दिला, कपाळाला चंदन लावलं आणि म्हणाली, “घाबरता कशाला? शाकाहारी आहे तो.” अठ्ठावीस वर्षांच्या संसारात बाईने दिलेला हा एवढाच धीर.

फणसाच्या झाडाखाली दामोदरन ताडाच्या झावळ्या मोडत उभा होता. झावळी मोडल्याचा आवाज अगदी हाड मोडल्यासारखा असतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. त्याच्यापुढे एक स्टूल. मी उभ्यानेच बोलतो म्हटलं, तर अम्मा ओट्यावरून म्हणाल्या, करारात बसून लिहिलंय. मी स्टूल हळूच झाडाआड सरकवलं, तर म्हणाल्या, समोरासमोर लिहिलंय. स्वतःच्या हाताने लिहिलेलं कलम असं अंगावर आलं, मामा! बसलो. दामोदरनदादा, म्हणून सुरुवात केली. (तो वयाने मोठा की मी, ठाऊक नव्हतं. मोठाच धरला.) तेवढ्यात सोंड आली. ओली, गरम, फुसफुसणारी. तिने माझा खिसा हुंगला, मग मान, मग तो गेलेला कान. ‘देवीचा मान यंदा तुमचाच’ हे वाक्य मी वाटभर घोकत आलो होतो, पण बोबडी वळली आणि बाहेर पडलं ते, “देवीचं... केळं... तुमचंच.” माहूत रारिच्चन अगदी गंभीरपणे म्हणाला, “केळ्याचं त्याला मान्य आहे. पुढचं बोला.”

पुढचंही बोललो. कसं ते विचारू नका, नेसलेलं मुंडू धुवायला टाकावं लागलं. बोलणं संपलं तेव्हा सोंड माझ्या डोक्यावर होती, आणि अम्मा म्हणाल्या की मिटलं. दामोदरन येणार, मूर्ती त्याच्याच डोक्यावर. एक किरकोळ अट राहिली आहे, पण ती इतकी किरकोळ की तुमच्या दुखऱ्या गुडघ्याला तिचा ताप नको. मालतीला आशीर्वाद, जावईबापूंना नमस्कार. प्रकृतीला जपा, यंदा फार जपा.

तुमचाच,
अच्युतन

ता. क. ती अट सांगूनच टाकतो. सोंड डोक्यावर असताना अम्मांनी विचारलं, गेल्या वर्षी मान काढून घेतला तो कोणी? देवीशप्पथ, मी अळीमिळी गुपचिळी धरणार होतो. पण मामा, सोंड फार जड असते. मी तुमचं नाव सांगितलं, घराण्यासकट. त्याबरोबर दामोदरनचे कान हलायचे थांबले. हत्तीचे कान थांबले की तो रागावलेला असतो, हे तुम्हाला मी शिकवायला नको. अम्मा म्हणाल्या, मग चोर सोडून संन्याशाला फाशी कशाला? मूळ माणूस या स्टुलावर बसू दे, दोन शब्द बोलू दे, मगच दामोदरन अंगणातून पाय उचलेल. मी कमिटीच्या वतीने होकार दिला. तेव्हा पूरमच्या आधी यावे. त्याला द्यायला गूळ इथे मिळतो.

ता. क. २. गुडघ्याची काळजी नसावी. स्टूल मजबूत आहे, आणि मध्येच पळावंसं वाटलं तरी पाय उचलत नाहीत, हे अनुभवाने सांगतो. तुम्ही इथे विसरलेला पंचा ओळख पटावी म्हणून रारिच्चन घेऊन गेला आहे. दामोदरन तो खात नाही, नुसता हुंगतो.

ता. क. ३. यायला जमणार नसेल तर संकोच करू नका. अम्मांनी करार पुन्हा चष्मा लावून वाचला. त्यात समोरासमोर एवढंच आहे, कुठे ते लिहिलेलं नाही. लॉरी सांगून ठेवली आहे. मालतीच्या घराचं फाटक किती रुंद आहे, तेवढं उलट टपाली कळवा.